अंगठा आणि संमती : वैयक्तिक माहितीच्या कायद्याकडे खान्देशातून पाहताना

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यात टेंभली हे आदिवासी वस्तीचे छोटे गाव आहे. देशातील पहिले आधार क्रमांक 29 सप्टेंबर 2010 रोजी या गावात, तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत दिले गेले. मी त्याच तालुक्यातली. त्या वर्षी मी बालवाडीत होते. आज धुळ्यात राज्यशास्त्र शिकते आहे, आणि मधल्या काळात आमच्या घरातील प्रत्येकाने कुठे ना कुठे यंत्रावर बोट टेकवले आहे किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी वाचून दाखवला आहे. रेशन, बँक, अनुदानित खताची गोणी, वडिलांचा शेतकरी ओळख क्रमांक, आईची लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी, माझी शिष्यवृत्ती, या प्रत्येक ठिकाणी ते करावे लागले. आजीची बोटे आयुष्यभर कापूस वेचून इतकी झिजली आहेत की यंत्राला ती तीन-चार वेळा दाखवावी लागतात. मागच्या दिवाळीत रेशन दुकानाच्या रांगेत तिने मला अहिराणीत विचारले, "हाऊ अंगठा कसाले लेतस, माय?" ओळख पटवायला, एवढेच उत्तर मला देता आले. तिच्या प्रश्नात मात्र आणखी बरेच काही होते. माहिती घेणारा ती नेमकी कशासाठी घेतो, कुठे ठेवतो, पुढे कोणाला देतो, आणि आपण नको म्हटले तर काय होते?

या प्रश्नांना उत्तर म्हणून संसदेने डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, 2023 केला. राष्ट्रपतींची संमती त्याला 11 ऑगस्ट 2023 रोजी मिळाली आणि नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. हा कायदा मी वर्गात शिकले, नंतर घरच्या कागदांशी ताडून पुन्हा वाचला, आणि माझे मत असे झाले आहे की खासगी कंपन्यांपुरता तो बऱ्यापैकी चांगला आहे, पण खान्देशातील सामान्य माणसाची बहुतेक माहिती जिथे जाते त्या सरकारी दारापाशी तो फार लवकर मवाळ होतो. असे का वाटते ते सांगण्यासाठी आधी थोडा मागचा इतिहास आणि मग कायद्याची रचना समजून घ्यावी लागेल.

टेंभलीत आधार क्रमांक दिले गेले तेव्हा त्यामागे संसदेचा कायदा नव्हता. भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरण जानेवारी 2009 मध्ये सरकारी अधिसूचनेने स्थापन झाले होते. त्याला कायद्याचा आधार देणारे विधेयक डिसेंबर 2010 मध्ये राज्यसभेत मांडले गेले, पण यशवंत सिन्हा यांच्या अध्यक्षतेखालील संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने 2011 मध्ये ते नाकारले. आधारचा कायदा शेवटी 2016 मध्ये झाला. याचा अर्थ, पहिला क्रमांक दिला गेल्यापासून पाचहून अधिक वर्षे कोट्यवधी लोकांच्या बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बुबुळांच्या प्रतिमा कायद्याविना गोळा होत राहिल्या. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली ती याच कारणाने. सुनावणीत मूळ प्रश्न असा निघाला की खासगीपणा हा भारतीय नागरिकाचा मूलभूत हक्क आहे की नाही, कारण 1954 आणि 1962 मधील मोठ्या खंडपीठांच्या निकालांत तसा हक्क मानलेला नव्हता. नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमताने तो हक्क मान्य केला आणि जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या अनुच्छेद 21 मध्येच तो आहे असे सांगितले.

त्या निकालातील तीन कसोट्या प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात, कारण सरकारी मागणी रास्त आहे की नाही हे त्यांवर पारखता येते. मागणीला कायद्याचा आधार हवा, तिचा हेतू योग्य हवा, आणि उपाय त्या हेतूच्या प्रमाणात हवा. रेशनच्या धान्याचा काळाबाजार थांबवणे हा योग्य हेतू आहे आणि त्यासाठी लाभार्थ्याची ओळख पटवणे समजण्यासारखे आहे. पण त्याच धान्यासाठी कोणी कुटुंबातील सर्वांचे मोबाइल क्रमांक आणि बँकेचे पासबुकही मागू लागला, तर ती मागणी तिसऱ्या कसोटीवर टिकणार नाही. पाच न्यायमूर्तींच्या खंडपीठाने 26 सप्टेंबर 2018 रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार कायदा वैध ठरवला, तेव्हा याच कसोट्या लावून बँक खाते, मोबाइल क्रमांक आणि शाळाप्रवेश यांसाठीची सक्ती रद्द केली. अनुदाने, कल्याणकारी योजना आणि पॅन यांसाठीची सक्ती मात्र कायम ठेवली. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी वेगळे मत नोंदवून संपूर्ण कायदाच घटनाबाह्य ठरवला होता. आजही अनेक दुकानदार आणि काही कार्यालये निकालाचा फक्त अर्धा भाग ऐकल्यासारखी वागतात.

आता 2023 च्या कायद्याकडे वळू. त्यात मुख्य पात्रे दोन आहेत. ज्याची माहिती आहे तो 'डेटा प्रिन्सिपल' आणि ती माहिती कशासाठी व कशी वापरायची हे ठरवणारा तो 'डेटा फिड्युशियरी'. फिड्युशियरी म्हणजे विश्वस्त. हा शब्द मला महत्त्वाचा वाटतो, कारण दुसऱ्याचे धन सांभाळणाऱ्याने जसे वागावे तसे माहिती घेणाऱ्याने वागावे, ही अपेक्षा त्यात आहे. (या कायद्यात व्यक्तीचा उल्लेख सर्वत्र स्त्रीलिंगी सर्वनामाने केला आहे. आमच्या प्राध्यापिकेने हे दाखवले तेव्हा वर्गातील मुलींना झालेला आनंद मी विसरणार नाही.) कायदा फक्त डिजिटल स्वरूपातील किंवा नंतर संगणकात घेतलेल्या माहितीला लागू होतो. लॉजमध्ये दिलेली आधारची झेरॉक्स फाइलमध्ये पडून राहिली तर तिच्यावर हा कायदा चालत नाही. तीच झेरॉक्स कोणी स्कॅन करून संगणकात घेतली की चालतो.

कायद्याचा कणा म्हणजे संमती. कलम 6 म्हणते की संमती मुक्त, विशिष्ट, पुरेशा माहितीवर आधारलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असली पाहिजे, ती स्पष्ट कृतीतून दिलेली असली पाहिजे, आणि सांगितलेल्या हेतूसाठी जेवढी माहिती लागते तेवढ्यापुरतीच ती धरली पाहिजे. कायद्यातच यासाठी एक उदाहरण दिले आहे. एखाद्या स्त्रीने घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला देणारे ॲप घेतले आणि त्याने उपचारांसाठीच्या माहितीबरोबर तिच्या मोबाइलमधील संपर्कयादीही मागितली. तिने दोन्हींना होकार दिला. तरीसुद्धा तिची संमती उपचारांपुरतीच ग्राह्य धरली जाईल, कारण सल्ला देण्यासाठी संपर्कयादीची गरज नसते. हेच आपल्याकडे लावून पाहा. कापसाचे किंवा केळीचे बाजारभाव दाखवणारे ॲप रावेरच्या शेतकऱ्याकडे फोटो, संपर्क आणि मायक्रोफोन यांची परवानगी मागत असेल आणि त्याने घाईत सगळीकडे 'होय' दाबले असेल, तर त्या 'होय'ला भाव दाखवण्याच्या कामापलीकडे किंमत राहणार नाही.

याच कलमातील आणखी दोन गोष्टी मला त्याहून मोलाच्या वाटतात. संमती देणे जितके सोपे होते तितकेच ती मागे घेणे सोपे असले पाहिजे. एका खुणेने घेतलेला होकार रद्द करण्यासाठी ग्राहकाला जळगावच्या कार्यालयात खेटे घालायला लावणे या कायद्यात बसत नाही. आणि वाद निर्माण झाला तर संमती योग्य रीतीने घेतली होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी माहिती घेणाऱ्यावर आहे. अशिक्षित माणसाच्या अंगठ्याखाली काय लिहिले होते हे त्यालाच सिद्ध करायला सांगण्याची आपल्याकडची जुनी रीत पाहता, हा बदल फार मोठा आहे. सावकाराच्या कागदापासून मोबाइलच्या कर्जापर्यंत आपल्या भागाने ती रीत भोगली आहे.

कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्ती बालक आहे आणि तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते. माझ्या दहावीतल्या भावाच्या शाळेने 'अपार' या विद्यार्थी ओळख क्रमांकाचा संमतिपत्राचा कागद घरी पाठवला होता. क्रमांक ऐच्छिक आहे, पण वर्गात सांगितले गेले की सही केलेला कागद उद्याच आणायचा आहे आणि न आणणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिली जातील. वडिलांनी कागद न वाचता सही केली. क्रमांक वाईट आहे असे माझे म्हणणे नाही. गुणपत्रके एका ठिकाणी राहणे सोयीचेच आहे. पण नकार देण्याची जागा उरली नसेल तर त्या सहीला संमती म्हणता येत नाही, आणि कलम 6 मधील 'मुक्त' या शब्दाचा अर्थ हाच आहे.

आता सरकारी दारापाशी येऊ. कलम 7 मध्ये संमतीशिवाय माहिती वापरण्याच्या काही 'वैध' बाबी दिल्या आहेत. वैद्यकीय आणीबाणी, साथ, आपत्ती, न्यायालयाचा आदेश अशा बाबींबद्दल वाद असण्याचे कारण नाही. पण त्यातच अनुदान, लाभ, सेवा, प्रमाणपत्र, परवाना देण्यासाठी शासनाने केलेला वापरही येतो. त्यासाठी अट अशी की व्यक्तीने पूर्वी अशा एखाद्या लाभासाठी माहिती वापरायला संमती दिलेली असावी किंवा माहिती केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या शासकीय नोंदवहीत असावी. इथेही कायद्यातले उदाहरण बोलके आहे. गर्भवती स्त्रीने मातृत्वलाभासाठी सरकारी ॲपवर नोंदणी केली, तर तिची माहिती सरकार दुसऱ्या एखाद्या लाभाची तिची पात्रता तपासण्यासाठीही वापरू शकते. उदाहरणात ती गोष्ट तिच्या भल्याचीच आहे, आणि धडगाव-अक्कलकुव्यातील एखाद्या मातेला दुसरा अर्ज न भरता पोषणाहाराचा लाभ मिळाला तर मला आनंदच होईल. परंतु पात्रता तपासण्याचे काम अपात्र ठरवण्यासाठीही होते. एका योजनेसाठी दिलेली माहिती दुसऱ्या योजनेतून नाव वगळण्यासाठी वापरली गेली, तर त्या स्त्रीला ते केव्हा आणि कोणाकडून कळणार? खासगी ॲपच्या बाबतीत 'सांगितलेल्या हेतूपुरतेच' म्हणणारा कायदा इथे हेतूची कुंपणे सैल करतो.

याच ओघात कलम 17 येते. राष्ट्राची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला संपूर्ण कायद्यातून सूट देऊ शकते. अशी सूट काही प्रसंगी आवश्यक असेल हे मला मान्य आहे. पण 2017 च्या निकालातील तिसरी कसोटी, म्हणजे उपाय हेतूच्या प्रमाणात असावा ही अट, या कलमात शब्दांत लिहिलेली नाही, आणि ती लिहायला हवी होती. शिवाय काम संपल्यावर माहिती पुसून टाकण्याचे बंधन, जे खासगी संस्थेवर आहे, ते शासनाला लागू होत नाही.

माझा सर्वात मोठा आक्षेप मात्र कलम 44 च्या एका पोटकलमावर आहे, आणि त्याची चर्चा गावपातळीवर जवळजवळ झालेलीच नाही. त्याने माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 मधील कलम 8(1)(j) बदलले. पूर्वीचे कलम असे होते की सार्वजनिक कामाशी किंवा हिताशी संबंध नसलेली, किंवा जी दिल्याने खासगीपणावर विनाकारण आक्रमण होईल अशी वैयक्तिक माहिती नाकारता येईल, आणि तीसुद्धा व्यापक लोकहित असेल तर द्यावी लागेल. शिवाय जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असे परंतुक जोडलेले होते. आता तेथे इतकेच उरले आहे की वैयक्तिक माहितीशी संबंधित माहिती देण्याचे बंधन नाही. हा बदल नोव्हेंबर 2025 मध्येच अमलात आला; नागरिकाला संरक्षण देणारी कलमे मात्र अजून यायची आहेत. हा क्रम मला मनापासून खटकतो.

याचा परिणाम रोजगार हमीच्या कामावर पाहू. ही योजना महाराष्ट्राने देशाला दिली. कामावर कोण होते आणि कोणाला किती मजुरी मिळाली हे मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, नावानिशी लिहिलेले असते. सातपुड्यातील पुष्कळ कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. ज्या महिन्यात माणूस गुजरातेत होता त्या महिन्यात त्याचे नाव गावच्या मस्टरवर असेल, तर खोटे उघड करण्याचा मार्ग एकच असतो: मस्टरची प्रत मागायची आणि नावे वाचायची. नाव ही वैयक्तिक माहिती आहे. मजुरीही वैयक्तिक माहिती आहे. उद्या एखाद्या अधिकाऱ्याने त्या आधारे प्रत नाकारली तर अर्जदाराने काय करायचे? सरकारचे उत्तर असे आहे की माहितीच्या अधिकाराच्या कायद्याचे कलम 8(2) शिल्लक आहे, आणि लोकहित मोठे असेल तर त्याखाली माहिती देता येते. ते खरे आहे, आणि माझ्या वाचकांनी आपल्या अर्जात या कलमाचा उल्लेख अवश्य करावा. तरी पूर्वी लोकहिताचा विचार करणे नकाराच्या कलमातच बांधलेले होते, आता तो अधिकाऱ्याच्या स्वतंत्र निर्णयावर सोपवला आहे. आणि संशय ज्याच्यावर आहे त्याच्याच कार्यालयात अर्ज पडलेला असतो, हे विसरून चालणार नाही. दुर्बळाचा खासगीपणा राखण्याच्या नावाने केलेल्या कायद्याने दुर्बळाच्याच हातातील कागद काढून घेऊ नये, असे मला वाटते.

नुकसानभरपाईचा मुद्दा थोडक्यात सांगते. माहितीची सुरक्षा न राखणाऱ्या संस्थेला 250 कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, माहिती फुटल्याचे न कळवल्यास 200 कोटींपर्यंत. आकडे मोठे आहेत, पण ही रक्कम भारताच्या एकत्रित निधीत जमा होते. ज्याची माहिती फुटली त्याला तिच्यातून काही मिळत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियमातील भरपाईचे कलम 43अ सुद्धा या कायद्याने वगळले जाणार आहे. शिवाय दंड ठरवणाऱ्या डेटा संरक्षण मंडळाचे सदस्य केंद्र सरकार नेमते, आणि तक्रार सरकारी यंत्रणेविरुद्ध असली तरी निवाडा त्यांच्याचकडे असतो. न्या. बी. एन. श्रीकृष्ण समितीने 2018 मध्ये डेटा संरक्षण कायद्यासाठी दिलेल्या मसुद्यात निवड समितीवर सरन्यायाधीश किंवा त्यांनी नेमलेले न्यायमूर्ती असावेत अशी तरतूद होती. ती टिकली असती तर मंडळावर अधिक विश्वास ठेवता आला असता.

भाषेचा प्रश्न खान्देशाला विशेष लागू आहे. संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील 22 भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय मिळाला पाहिजे, असे कायदा सांगतो. त्यामुळे मराठीतून सूचना मागणे हा आपला हक्क आहे. पण अहिराणी, भिली आणि पावरी या भाषा त्या अनुसूचीत नाहीत, आणि माझ्या आजीला छापील मराठीही वाचता येत नाही. तिच्यासाठी सूचना वाचून दाखवली जाणे, तेही तिच्या बोलीत, हीच पुरेशा माहितीची खरी अट आहे. सेवा केंद्र चालवणारे तरुण बहुधा गावातलेच असतात, त्यांना बोली येते. अंगठा घेण्यापूर्वी चार वाक्ये सांगण्याची सक्ती नियमात घालणे अवघड नाही.

संमती, हक्क आणि दंड यांची मुख्य कलमे अधिसूचनेप्रमाणे नियमांनंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे 2027 मध्ये लागू व्हायची आहेत. तोवर हातात असलेले उपाय वापरावेत. जिथे पूर्ण क्रमांकाची गरज नाही तिथे शेवटचे चारच अंक दिसणारे 'मास्क्ड' आधार द्यावे. ते आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून विनामूल्य मिळते. बोटांचे ठसे कोणी परस्पर वापरू नयेत म्हणून बायोमेट्रिक लॉक करण्याची सोय आहे, आणि रेशन घेण्यापूर्वी ते तात्पुरते उघडता येते. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर कारण आणि तारीख लिहावी. ज्याला अजून आधार क्रमांक मिळालेला नाही त्याला दुसऱ्या ओळखपत्रावर लाभ द्यावा, असे आधार कायद्याच्या कलम 7 मध्येच म्हटले आहे.

कायदा पूर्ण लागू झाल्यावर तक्रारीचा मार्ग असा राहील की आधी संबंधित संस्थेकडे तक्रार करायची, तिला उत्तरासाठी जास्तीत जास्त 90 दिवस मिळतात, समाधान झाले नाही तर मंडळाकडे आणि मग अपिलीय न्यायाधिकरणाकडे जायचे. मंडळाचे कामकाज संपूर्ण डिजिटल आहे. अक्राणी तालुक्यात फोन लावण्यासाठी टेकडी चढावी लागणारे पाडे आजही आहेत, आणि रेंज नसल्याने ज्यांच्या हाताला यंत्रे दाद देत नाहीत त्यांनाच तक्रार मात्र त्याच रेंजवरून करावी लागणार आहे. तहसील कार्यालयात कागदावर लिहिलेली किंवा तोंडी सांगितलेली तक्रार स्वीकारून ती मंडळाकडे पाठवण्याची आणि पोच देण्याची तरतूद नियमांत करावी, अशी मागणी आमच्या तालुक्यातील ग्रामसभांनी ठरावाने करावी यासाठी मी आणि माझे सहकारी विद्यार्थी मसुदा तयार करत आहोत. त्याची पहिली प्रत आम्ही टेंभलीच्या ग्रामपंचायतीला देणार आहोत.